सर फ्रान्सिस कॅम्पबेल : अंध मुलांस मैदानावर नेणारा गुरु

सायंकाळची शेवटची घंटा झाली म्हणजे तुम्ही दप्तरें भिंतीशीं टाकून मैदानाकडे धांव घेतां. कोणी आट्यापाट्यांचा डाव मांडतो, कोणी खोखोचा, कोणी हॉकीच्या काठ्या बाहेर काढतो. हें सुख तुम्हांस इतकें नित्याचें झालें आहे कीं, तें कोणास मिळत नसेल अशी कल्पनाहि तुमच्या मनास शिवत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. त्याची दृष्टि फार मंद होती. फळ्यावरचीं अक्षरें त्यास दिसत नसत. परंतु एकदां ऐकलेला धडा तो जसाच्या तसा म्हणून दाखवी. कवायतीच्या तासास मी त्यास चिंचेच्या झाडाखालीं बसवीत असें आणि इतर मुलांच्या टोप्या व कोट त्याच्या स्वाधीन करीत असें. त्यास ठेंच लागूं नये, चेंडूचा मार बसूं नये, कोणी हंसूं नये, एवढाच माझा हेतु होता, व आपण दयेचें कृत्य करीत आहों असें मला वाटे. दोन वर्षें तो मुलगा कपड्यांची राखण करीत बसला. पुढें सर फ्रान्सिस कॅम्पबेल यांचें चरित्र माझ्या वाचनांत आलें, आणि ज्यास मी दया म्हणत होतों तिचें खरें स्वरूप मला कळून आलें. म्हणून त्या थोर पुरुषाची हकीगत यंदाच्या अंकांत तुमच्यापुढें व तुमच्या आईबापांपुढें ठेवीत आहें.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत टेनेसी नांवाचें एक संस्थान आहे. तेथील फ्रँकलिन परगण्यांत विंचेस्टर गांवानजीक ता. ९ ऑक्टोबर १८३२ रोजीं फ्रान्सिस जोसेफ कॅम्पबेल याचा जन्म झाला. जन्मतः त्याचे डोळे निरोगी होते. परंतु सुमारें चार वर्षांचा असतां, खेळण्याच्या भरांत एका झाडाचा कांटा त्याच्या डोळ्यांत शिरला. त्या डोळ्यास झालेला दाह दुसऱ्या डोळ्यासहि बाधला, आणि थोड्याच काळांत त्या बालकाची दृष्टि समूळ गेली. एका डोळ्याची जखम दुसऱ्या धडधाकट डोळ्यास घेऊन जाते, हा प्रकार वैद्यांस चांगला ठाऊक आहे. आज त्यावर इलाज आहेत, त्या काळीं नव्हते.

घरांत आंधळें मूल असलें म्हणजे काय होतें, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. आई त्यास दृष्टीआड होऊं देत नाहीं. ओसरीच्या खांबाशीं त्याची जागा ठरते. त्यास घांस भरविला जातो, पाणी हातांत दिलें जातें, आणि उठूं लागलें कीं चार आवाज एकदम त्यास खालीं बसवितात. अशा मुलाचे पाय काठीसारखे बारीक राहतात, छाती आंत जाते, मान खालीं झुकते. दुसऱ्यास पळतांना पाहून आपण पळावें, ही जी लहान मुलांची स्वाभाविक शाळा, ती त्यास बंद असते. पुढें काय आहे हें न कळल्यामुळें तें पाऊल घसटत टाकतें. आणि शरीरास हालचाल तर हवीच असते, म्हणून तें जागच्या जागीं डोलूं लागतें. लोकांस वाटतें कीं हीं सर्व आंधळेपणाचीं लक्षणें होत. वास्तविक त्यांतलीं बहुतेक बसून राहण्याचीं लक्षणें होत.

फ्रान्सिसच्या घरींहि आरंभीं असाच लाड चालला होता. त्यासंबंधीं एक गोष्ट सांगतात. भाऊ शेतावर कामास जात आणि याला मात्र कोणी कांहीं काम सांगत नसे. आपण कोणाच्याच उपयोगाचे नाहीं, या विचारानें त्याचें मन खंत करी. एके दिवशीं बाप शेतावर गेला असतां त्यानें आईची फार विनवणी केली आणि सरपण फोडण्यास शिकविण्याचा हट्ट धरला. आईचें काळीज धडधडलें असेल. पण तिनें कुऱ्हाड त्याच्या हातीं दिली, ती कशी धरावी, पाय कोठें ठेवावे, घाव कसा घालावा, हें हात धरून शिकविलें. दुपारीं बाप घरीं आला तेव्हां तिनें त्यास लांकडांच्या ढिगाऱ्याजवळ नेलें. बापास राग आला नाहीं. उलट त्यानें मुलाची पाठ थोपटली आणि त्याच्यासाठीं बेताची अशी एक लहान कुऱ्हाड विकत आणून दिली. त्या दिवसापासून फ्रान्सिस घरांतला पाहुणा राहिला नाहीं, घरांतला मुलगा झाला. आईबापहो, त्या कुऱ्हाडीची गोष्ट क्षणभर मनांत ठेवा. पुढील सर्व चरित्राचें बीज तिच्यांत आहे.

१८४४ च्या सुमारास नॅशव्हिल शहरीं अंधांसाठीं शाळा निघाली, आणि तिच्या अगदीं पहिल्या विद्यार्थ्यांत फ्रान्सिस होता. येथें त्याच्यावर दुसरा प्रसंग आला. त्यास गायनवादनाची ओढ होती. परंतु एक चाल दुसरीपासून त्यास ओळखतां येत नाहीं, सबब त्यास संगीत येणार नाहीं, असा निकाल शिक्षकांनीं दिला व त्यास ब्रश आणि टोपल्या करण्याच्या कामास लावलें. फ्रान्सिसनें तक्रार केली नाहीं. त्यानें आपल्याच एका सोबत्यास मोबदला देऊन त्याच्याकडून चोरून धडे घेण्यास सुरुवात केली. कांहीं महिन्यांनीं शिक्षकांनीं त्यास वाजवितांना ऐकलें, तेव्हां ते थक्क झाले. पुढें वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास तोच मुलगा त्याच शाळेंत संगीताचा शिक्षक झाला. शिक्षकांचा निकाल नेहमींच अखेरचा असतो असें नाहीं, हें मी स्वतः शिक्षक असूनहि येथें कबूल करतों.

टेनेसींत त्या काळीं गुलामगिरीची चाल होती, आणि गुलामांस वाचावयास शिकविणें हा तेथील बड्या लोकांच्या मतें मोठाच अपराध होता. कॅम्पबेल हे त्या चालीच्या विरुद्ध होते व तें मत लपवून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. यामुळें लोक त्यांच्यावर उठले. त्यांस धमक्या देण्यांत आल्या, समाजानें त्यांना वाळींत टाकलें. ज्यास समोरून येणारा मनुष्य दिसत नाहीं त्यानें असल्या वेळीं आपल्या मताला चिकटून राहणें, यास किती धैर्य लागलें असेल! अखेर त्यांनीं ती भूमि सोडली. कांहीं काळ विस्कॉन्सिन संस्थानांत शिकविल्यावर १८५८ सालीं ते बोस्टन येथील सुप्रसिद्ध पर्किन्स अंधशाळेंत दाखल झाले व तेथें अकरा वर्षें संगीतविभाग चालविला.

पर्किन्स शाळेचे मुख्य डॉक्टर सॅम्युएल हॉवे हे होते. अंध व बहिरी अशा लॉरा ब्रिजमन हिला भाषा शिकविणारे तेच हे हॉवे. अंध मुलांना आधीं मोकळी हवा व अंगमेहनत द्या, मग पुस्तक द्या, असें त्यांचें मत असे. जी गोष्ट कॅम्पबेल लहानपणीं सरपण फोडतां फोडतां शिकले होते, तीच येथें त्यांस शिक्षणाचें तत्त्व म्हणून भेटली. आपल्या हाताखालच्या विद्यार्थ्यांकडे पाहतां पाहतां त्यांची अशी खात्री झाली कीं, अंध तरुण पोट भरूं शकत नाहींत याचें कारण बुद्धीची उणीव नव्हे. त्यांच्या अंगांत दिवसभर काम करण्याची ताकद नसते, एकट्यानें रस्ता ओलांडण्याची हिंमत नसते, आणि अनोळखी घरांत शिरतांना त्यांचे पाय कांपतात. पियानो दुरुस्त करण्याची कला येत असून ज्या घरीं पियानो आहे तेथवर जातां येत नसेल, तर ती कला काय कामाची?

१८६९ मध्यें प्रकृतीच्या व अभ्यासाच्या निमित्तानें ते युरोपांत गेले व लाइपझिग, बर्लिन वगैरे ठिकाणीं त्यांनीं संगीताचें उच्च शिक्षण घेतलें. १८७१ च्या आरंभीं मायदेशीं परततांना ते थोडे दिवस लंडनमध्यें थांबले. तेथें गरीब अंधांसाठीं भरलेल्या एका चहाच्या मेळाव्यास ते गेले असतां, चहा व भिक्षा यांपलीकडे ज्यांच्या वांट्यास कांहीं येत नाहीं असे शेंकडों अंध स्त्रीपुरुष त्यांस भेटले. त्यांचें मन उद्विग्न झालें. याच सुमारास त्यांची गांठ डॉक्टर टॉमस आर्मिटेज यांच्याशीं पडली. आर्मिटेज हे श्रीमंत वैद्य. दृष्टि अधू झाल्यामुळें त्यांनीं धंदा सोडला होता व अंधांमध्यें ब्रेल लिपीचा प्रसार करण्यासाठीं १८६८ सालीं एक संस्था स्थापन केली होती. एकाजवळ धन व लौकिक, दुसऱ्याजवळ अनुभव व जिद्द. कॅम्पबेल यांचें परतणें राहिलें तें कायमचें राहिलें.

ता. १ मार्च १८७२ रोजीं लंडनच्या दक्षिणेस अप्पर नॉरवुड भागांत, क्रिस्टल पॅलेसच्या जवळ, भाड्याच्या घरांत रॉयल नॉर्मल कॉलेज ही अंधांची शाळा उघडली. आरंभीं अवघे दोन विद्यार्थी होते. वर्षभरांत संख्या इतकी वाढली कीं लौकरच शेजारीं मोठी जागा घ्यावी लागली. संगीत, पियानो जुळविणें व अध्यापन हे तेथील मुख्य विषय. परंतु पाहणारा मनुष्य चकित होई तो वर्गांत नव्हे, तर वर्गाबाहेर.

तेथें व्यायामशाळा होती, पोहण्याचा हौद होता, चाकांच्या बुटांवर घसरण्याची जागा होती, तळ्यांत होड्या होत्या. मुलगे व मुली, दोघांसहि हें शिक्षण सक्तीचें होतें. त्या काळीं इंग्लंडांतहि डोळस मुलींना धांवूं देण्यास लोक नाखूष असत, हें लक्षांत घेतलें म्हणजे अंध मुलींना वल्हीं हातीं देणाऱ्या या मनुष्याच्या धाडसाची कल्पना येईल. हिंवाळ्यांत पाणी गोठलें म्हणजे विद्यार्थी बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळत. पुढें सायकली निघाल्यावर एकामागें एक अनेक बैठकी असलेल्या लांबलचक सायकली आणण्यांत आल्या. पुढच्या बैठकीवर डोळस शिक्षक बसे, मागें अंध विद्यार्थी ओळीनें पाय मारीत, आणि अशा रीतीनें ते दूरदूरच्या गांवांची सहल करून येत.

हें कसें साधतें असें तुम्ही विचाराल. त्यांत जादू नाहीं. पाण्यांत माणसास आपटण्यासारखें कांहींच नसतें. हौदाची भिंत व शिक्षकाचा आवाज ओळखतां आला कीं अंध मुलगा निर्धास्त पोहतो, आणि जमिनीवर कधींहि न मिळालेलें मोकळेपण त्यास पाण्यांत मिळतें. होडींत आपल्या वल्ह्याचा ताल शेजाऱ्याच्या ताालाशीं जुळवावयाचा, तेथें डोळ्यांपेक्षां कानच अधिक कामाचे. धांवण्यासाठीं दोन खांबांमध्यें दोर ताणून बांधतात. त्यास हलकेंच बोट लावून मुलगा संपूर्ण वेगानें पळतो. अशा खेळांत पायाखालची जमीन कोणत्या जातीची आहे, भिंत जवळ आली कीं पावलांचा आवाज कसा पालटतो, वारा कोणत्या गालास लागतो, हें सर्व अंग आपोआप शिकत जातें. कधीं ठेंच लागते, गुडघा फुटतो. कॅम्पबेल यांस याची धास्ती वाटत नसे. फुटलेला गुडघा आठ दिवसांत भरून येतो. भित्रें झालेलें मन भरून यावयास जन्म पुरत नाहीं, हा त्यांचा हिशेब होता.

या कामीं त्यांच्या पत्नी सोफिया यांची त्यांना मोठीच मदत झाली. पहिली पत्नी वारल्यावर १८७५ सालीं हा दुसरा विवाह झाला होता. शाळेची व्यवस्था, मुलींची देखरेख व शिक्षकवर्गाची जुळणी यांचा बराच भार त्यांनीं उचलला.

आतां या चरित्रांतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंगाकडे वळूं. जें आपण विद्यार्थ्यांस सांगतों तें आपण स्वतः करून दाखवावें, अशी कॅम्पबेल यांची शिस्त होती. सुटींत ते आल्प्स पर्वतांत चढण्याचा अभ्यास करीत. १८८० सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनीं मों ब्लां हें आल्प्समधील सर्वांत उंच शिखर चढण्याचा संकल्प केला. या शिखराची उंची सुमारें ४,८०० मीटर आहे. आपल्या कळसूबाईसारखीं जवळजवळ तीन शिखरें एकावर एक ठेवावीं तेव्हां तेवढी उंची भरेल. त्या काळच्या वहिवाटीच्या वाटेनें जाणारे लोक शामोनी गांवाहून निघत, बर्फाची नदी ओलांडून ग्रां म्यूले या खडकावरील झोंपडींत विसांवा घेत, आणि बर्फ कठीण असतांनाच, पहाटेपूर्वीं काळोखांत पुढें चढूं लागत. वाटेंत बर्फास खोल भेगा असतात. कित्येकदां त्यांवर ताज्या बर्फाचें पातळ छत धरलेलें असतें, व त्यावर पाय पडला तर मनुष्य नाहींसा होतो. वर हवा विरळ होते, छाती भरून येते, आणि अंगावरची कातडी थंडीनें बधिर होते.

अशा वाटेनें कॅम्पबेल आपल्या मुलासह व वाटाड्यांसह निघाले. सर्वजण एका दोराला बांधलेले. पुढच्याच्या पावलानें जेथें खळगा पडला तेथेंच आपलें पाऊल टाकावयाचें. दोराच्या ताणावरून वाट वळली कीं चढली हें ओळखावयाचें. काठीनें बर्फ ठोकून त्याच्या आवाजावरून तो भरीव कीं पोकळ हें समजून घ्यावयाचें. काळोखाची त्यांस अडचण नव्हती. रात्र व दिवस त्यांस सारखेच. खालीं पाहून डोळे फिरण्याचेंहि भय नव्हतें. पण जेथें डोळस मनुष्य एका दृष्टिक्षेपांत पाऊल टाकतो, तेथें त्यांस प्रत्येक पाऊल आधीं पारखावें लागे, आणि तें तासांमागून तास. अखेर ते शिखरावर पोहोंचले. मों ब्लां चढून जाणारा पहिला अंध मनुष्य म्हणून त्यांची कीर्ति देशोदेशीं गेली. त्यानंतरहि त्यांनीं आल्प्समधील आणखी शिखरें पादाक्रांत केलीं.

वरून दिसणारा देखावा ज्याच्या नशिबीं नाहीं त्यानें हें श्रम कशासाठीं केले, असें त्या वेळींहि पुष्कळांनीं विचारलें असेल. त्यांचें उत्तर नॉरवुडच्या त्या शाळेंत होतें. तेथील प्रत्येक मुलास आतां ठाऊक झालें होतें कीं, आपला मुख्य गुरु आपल्यासारखाच अंध आहे व तो मों ब्लांवर जाऊन आला आहे. त्यानंतर हौदांत उडी मारण्यास कोण भिणार?

या शिक्षणाचें फळ लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. त्या शाळेंतून बाहेर पडलेले बहुसंख्य विद्यार्थी भिक्षेच्या वाटेस न जातां वादक, शिक्षक व पियानो जुळविणारे म्हणून स्वतःच्या पायांवर उभे राहिले. आल्फ्रेड हॉलिन्स हा त्यांतलाच. जन्मांध असूनहि तो आपल्या ऑर्गनवादनानें जगप्रसिद्ध झाला. अंधांच्या शिक्षणाची चौकशी करणाऱ्या राजनियुक्त मंडळानें १८८९ सालीं आपला अहवाल सादर केला, आणि १८९३ च्या कायद्यानें इंग्लंडांतील अंध मुलांचें शिक्षण सक्तीचें झालें. ही जागृति घडवून आणण्यांत आर्मिटेज व कॅम्पबेल यांचा मोठा वांटा होता. १९०९ सालीं बादशहा सातवे एडवर्ड यांनीं कॅम्पबेल यांस सर ही पदवी दिली. १९१२ मध्यें त्यांनीं शाळेचा कारभार आपल्या मुलाकडे सोंपविला, आणि ता. ३० जून १९१४ रोजीं, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीं, ते प्रभूच्या घरीं गेले. त्यांची शाळा पुढें महायुद्धाच्या काळांत नॉरवुडहून हलली. आज ती इंग्लंडांतील हेरफर्ड शहरीं चालू आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच आठवड्यांत पहिलें महायुद्ध पेटलें व अनेक तरुण शिपायांची दृष्टि गेली. १९१५ सालीं सर आर्थर पिअर्सन या अंध गृहस्थानें त्यांच्यासाठीं लंडनमध्यें सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. तेथेंहि होडी वल्हविणें हा शिक्षणाचा एक भागच होता. १९४६ सालीं युद्धांत अंध झालेल्या सैनिकांसाठीं, आवाज करणाऱ्या चेंडूचा गोलबॉल हा खेळ निघाला, आणि पुढें तो जागतिक सामन्यांत खेळला जाऊं लागला. २००१ सालीं एरिक वाइहेनमेयर या अमेरिकन अंध गृहस्थानें एव्हरेस्ट सर केलें. जी वाट कॅम्पबेल यांनीं एकट्यानें चांचपत शोधली, ती आज रुळली आहे.

आपल्या देशांत अंधांची पहिली शाळा १८८७ सालीं अमृतसर येथें मिस ॲनी शार्प या मिशनरी बाईंनीं उघडली. मुंबईंत अमेरिकन मिशनच्या मिस मिलर्ड यांनीं १९०० सालीं, दुष्काळाच्या धामधुमींत, अंध मुलांना जवळ केलें. आज अंध मुलांचे क्रिकेटचे संघ आहेत. आंत खुळखुळणारे छर्रे घातलेला चेंडू ते आवाजावरून टोलवितात. तरीहि गांवोगांवच्या ओसरीवर खांबाशीं बसलेलें एखादें मूल अजून आहेच.

आरंभीं ज्या मुलाचें मी सांगितलें, त्याच्या बापाची बदली झाली व तो शाळा सोडून गेला. हें चरित्र माझ्या हातीं आलें तें त्यानंतर. दोन झाडांना दोर बांधण्यास मला अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास मी त्या दोन वर्षांत काढला नाहीं. त्याची भरपाई मला आतां करतां येत नाहीं, म्हणून आईबापांना हात जोडून एवढेंच विनवितों कीं, घरांत असें मूल असेल तर त्याच्यावर प्रेम करा, परंतु त्याचे पाय बांधूं नका. त्यास विहिरीवर न्या, शेतावर न्या, घरचें एखादें काम त्याच्या अंगावर सोंपवा. आणि मुलांनो, तुमच्या गल्लींत असा सोबती असेल तर त्याच्यासाठीं वाईट वाटून घेऊन पुढें जाऊं नका. त्याचा हात धरा, दोराचें एक टोंक त्याच्या हातीं द्या, आणि त्याला डावांत घ्या.